काटोलचा कानपिळ्या

बहिणीच्या लग्नात धाकट्या भावाला एकच हक्काचं काम असतं. मांडवात नवरदेवाचा कान धरायचा, पिळायचा, आणि कापड कबूल करून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. एका उन्हाळ्यात नागपूरला आमच्या घरी तेरा वर्षांचा एक मुलगा हे काम माझ्या नवऱ्यावर करून बघत होता. त्याच संध्याकाळी काटोलला त्याच्या सख्ख्या बहिणीवर अक्षता पडत होत्या.

नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून पहिल्या पाळीनंतर कंपनीच्या बसनं आला होता आणि बनियनवर खाटेवर बसला होता. मुलानं मागून येऊन त्याचा कान धरला.

"अबे, हळू पिळ ना बे! असा पिळशीन तर नवरदेव मांडव सोडून पळून जाईन."

"आधी कापड बोला."

"धोतर देतो."

"धोतर नाही पाहिजे. बुशशर्टाचं बोला."

नवऱ्यानं खूप आरडाओरडा केला, रडायचं सोंग केलं, शेवटी कपाटातलं निळ्या चौकड्यांचं नवंकोरं कापड काढून त्याच्या हातावर ठेवलं. मुलगा पोट धरून हसला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "गोरज मुहूर्त होय. आता लागलं असन." त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि मी जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

त्या मुलाला आमच्या घरी लपवून ठेवलेलं होतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या काळात आम्ही काही घरं मिळून हेच करत होतो आणि त्याला मदत म्हणत होतो.

त्याची सुरुवात आमच्या स्वतःच्या मुलापासून झाली. तो शाळेत जायला लागला होता. खेळताना पडला, दाताखाली जीभ आली, एवढंच निमित्त. रक्त थांबलं नाही. तुमच्या-आमच्या जखमेवर खपली धरते, तशी काही मुलांच्या जखमेवर धरत नाही. बाहेर जखम नसली तरी गुडघ्यात, घोट्यात आतल्या आत रक्त साचतं, सांधा फुगतो, आणि पुन्हा पुन्हा तसं झालं की पाय आखडून वाकडा होतो. हा आजार क्वचितच कुणाच्या घरात असतो, पण ज्या घरात असतो तिथून हलत नाही. होतो मुलग्यांना आणि येतो आईच्या रक्तातून. आई स्वतः धडधाकट असते. त्यामुळे बोट दाखवायला ती सगळ्यांना सोयीची पडते. आमच्या मुलाच्या आजाराचं नाव आम्हाला कळलं ते तो जायच्या थोडंच आधी.

रामदासपेठेतल्या ज्या हॉस्पिटलात तो गेला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही महिन्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अशी आणखी काही मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या आयांशी तुम्ही बोला. मी बोलले तर त्या नुसती मान हलवतात." मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, मान हलवणाऱ्या लोकांची मला सवय होती. महिन्यातल्या एका रविवारी हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही सतरंजी टाकून बसायला लागलो.

काम म्हणाल तर मोठं काही नव्हतं. गुडघा फुगला की बर्फ लावा, पाय हलवू नका, दुखण्यावर दुकानातून आणलेली गोळी देऊ नका, डोक्याला मार बसला तर वाट न बघता सरळ नागपूरला आणा, हे पाठ करून घ्यायचं. शाळांत जाऊन गुरुजींना सांगायचं की या पोराला छडी मारू नका. न्हाव्याला सांगायचं की वस्तरा लावू नको. सगळ्यांत अवघड काम आज्यांना समजावण्याचं असायचं. सुजलेला गुडघा बघून कोमट तेलानं रगडायचं नाही, हे कुठल्याही आजीच्या पचनी पडत नाही, आणि त्या रगडण्यानंच आतलं रक्त वाढायचं. एका आजीनं तर मला विचारलं होतं, "तुले पोरं किती?" मी म्हटलं, एक होता. त्यावर तेलाची वाटी तिनं स्वतः उचलून नेली.

आणि रक्त लागायचं. ताजं रक्त. त्या वेळी त्यावर दुसरा इलाज आमच्या गावात नव्हता. नवऱ्यानं आपल्या पाळीतल्या लोकांना तयार केलं होतं. निरोप गेला की दोघे-तिघे कंपनीच्या बसमधून उतरून घरी न जाता तडक हॉस्पिटलात यायचे, बाही वर करायचे, चहा प्यायचे आणि जायचे.

काटोलची बाई आमच्याकडे आली ती मुलाला पाठीवर घेऊन. मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. गुडघा नारळाएवढा. घरची थोडी संत्र्याची बाग, नवरा देवमाणूस, म्हणजे कशातच काही न बोलणारा. तिचा सख्खा भाऊ दाढ काढल्याचं निमित्त होऊन गेला होता. पोराचा गुडघा पहिल्यांदा सुजला तेव्हाच तिनं ओळखलं होतं, पण कुणाजवळ बोलली नव्हती. "माह्या माहेरची देण होय ही, बाई," ती मला म्हणाली, "माह्याच पदरातून आली." मी तिला पाणी दिलं. तिनं पेला हातात घेतला, आमच्या भिंतीवरची तसबीर बघितली, आणि पेला तसाच खाली ठेवला. ते कुणबी, आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेले. मला यात नवीन काही नव्हतं. त्याच दुपारी त्या मुलाला रक्त चढलं ते माझ्या नवऱ्याचं. माझ्या घरचं पाणी चालत नव्हतं, घरधन्याचं रक्त चाललं. हे मी तिला पुढे एकदा तोंडावर म्हटलं, तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "आता काय, जेवू घाला." तोवर ती आमच्याकडे चार वेळा जेवून गेली होती.

लपवण्याची गोष्ट रविवारच्या बैठकीतच निघाली. एका बाईच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. सगळं जुळत आलेलं. तेवढ्यात धाकटा भाऊ लंगडत पाणी घेऊन आला. पायाला काय झालं, कधीपासून, आणखी कुणाला आहे का, अशी विचारपूस झाली आणि पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. ती बाई सतरंजीवर बसून हुंदके देत होती. शेजारची म्हणाली, "पुढच्या खेपेले पोट्ट्याले माह्याकडं धाडून दे." झालं. तेव्हापासून कुणाच्या घरी मुलगी बघायला येणार असले की तिथला मुलगा आमच्यातल्या कुणाच्या तरी घरी जायचा. आम्ही त्याला आजोळ म्हणायचो. पोरगं कुठाय? आजोळी गेलं. खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे.

डॉक्टरीणबाईंना हे आवडलं नव्हतं. "मी तुम्हाला एकमेकांना आधार द्यायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, मग हा आधार नाही तर काय आहे? त्यांची लहानपणची एकही मैत्रीण हुंड्यामुळे किंवा भावाच्या पायामुळे बिनलग्नाची राहिली नसेल, असंही मी त्यांच्या माघारी बोलले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

आमचं घर आजोळ म्हणून सोयीचं होतं. हॉस्पिटल जवळ, आणि घरात मूल नाही. काटोलच्या बाईच्या दृष्टीनं आणखी एक सोय होती. तिची मुलगी लग्नाची झाली तेव्हा तिनं ती सरळ बोलून दाखवली. "तुमच्याकडं कसं, आमचं कोणी फिरकत नाही. पाहुण्यांच्या कानावर जायची भीती नाही." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. माझं मात्र डोकं सणकलं. दोन शब्द सुनावायच्या बेतात होते, पण मुलगा दारात उभा होता, हातात कपड्यांची पिशवी, वाकडा पाय उंबऱ्याला टेकवून. मी म्हटलं, "ये गा आत. उन्हात काहून उभा आहे?"

मग तो येतच राहिला. बघायला आले तेव्हा आला, सुपारी फुटली तेव्हा आला. खरं सांगायचं तर मला तो यायला हवा असायचा. घरात पुन्हा एक छोटी चड्डी वाळत पडायची. नवरा बाजारातून येताना शेव आणायचा, जी तो आम्हा दोघांसाठी कधीच आणत नसे.

लग्नाच्या आधी मायलेकी बस्त्यासाठी सीताबर्डीवर आल्या होत्या. कपड्यांची गाठोडी आमच्याकडे टाकून बसल्या आणि तिथेच त्यांची जुंपली. मुलगी आईसारखी नव्हती, मनातलं लगेच ओठावर यायचं.

"माह्या लग्नात माहा भाऊ राहीन. नाही तर मी उभी राहत नाही."

"आणि लगन मोडलं म्हणजे?" आई म्हणाली. "तो लंगडत मांडवात फिरन. लोक इचारतीन. काय सांगशीन? तुह्या मामाचं सांगशीन?"

"मंग माहा कानपिळ्या कोण?"

"शेजारचा आहे ना. त्याले भावासारखा मानतो आपण. तो पिळन."

मुलगी माझ्याकडे वळली. "मावशी, तुमी सांगा."

मुलगा आतल्या खोलीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं आणि आम्हाला तिघींनाही ते माहीत होतं. नवरदेवाच्या घरच्या लोकांना सांगितलं गेलं होतं की ही एकुलती एक मुलगी. मी म्हटलं, "आधी लग्न होऊ दे. मंग सांगू." तिच्या आईनं मान हलवली. "हो, मंग सांगू." मुलगी उठून आत भावाजवळ गेली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा दोघंही हसत होती.

मग सांगू म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. सांगायची वेळ जितकी पुढे जाते, तितकं सांगायचं ओझं वाढत जातं. लग्नाआधी सांगायचं असतं तर मुलाचा पाय सांगायचा होता. लग्नानंतर, आम्ही खोटं बोललो, हेही सांगायचं होतं. दिवाळसणाला जावई काटोलला येणार होते. मुलगा आमच्याकडे आला. त्यानं आमच्या दारात फटाके उडवले, मी चकल्या केल्या, आणि भाऊबीजेला तो आमच्याकडेच होता. तिकडे काटोलच्या अंगणात काय झालं ते मला फार नंतर कळलं. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. जावई बघत होते, शेजारीपाजारी होते. तिच्या आईनं ताट तिच्या हातात दिलं आणि तिनं आपल्याच माहेरच्या अंगणात उभं राहून, भाऊ जिवंत असताना, चंद्राला ओवाळलं.

ती बाळंतपणाला माहेरी आली, तो आमच्याकडे आला. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यानं गल्लीभर सांगितलं, "मी मामा झालो." त्या वर्षीही भाऊबीजेला तिनं सासरी चंद्रालाच ओवाळलं.

त्या दिवाळीनंतरच्या थंडीत त्याचा गुडघा पुन्हा भरला. रक्त चढवून, पायाला फळी बांधून तो आमच्याकडे पडून होता. या वेळी तो लपलेला नव्हता, नुसता आजारी होता. तेवढ्यात त्याची आई आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. सावनेरकडे मुलीचं सासर होतं. दुसऱ्या दिवशी तिथे बाळाचं जावळ काढायचं होतं आणि सोनाराला बोलावून कान टोचायचे होते.

"बाई, कान टोचून राहिले त्याचे. त्याच्याही रक्तात असन तर?"

"मंग सांगत काहून नाही?"

"काय सांगू? पोरीले घरी धाडून देतीन."

"आणि रक्त थांबलं नाही तर पोरगं धाडून देशीन?" मी ओरडलेच. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. बाळाला आजार आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. असू शकत होता, नसूही शकत होता. डॉक्टरीणबाईंकडे निरोप धाडला, त्यांनी स्पष्ट सांगितलं की रक्त तपासल्याशिवाय सुई लावायची नाही. पण ते तिथे जाऊन सांगणार कोण? आई उद्या तिथे जाणारच होती, आणि ती तोंड उघडणार नाही हे तिला स्वतःलाच माहीत होतं.

आतून आवाज आला, "मी सांगतो."

मी म्हटलं, तू गप पड. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, या पायानं एसटीचा प्रवास केला तर आत पुन्हा रक्त सुटेल. तो म्हणाला, "जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा मी होय." तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्या आवाजात असं काही होतं की मी पुढे वाद घातला नाही. नवऱ्यानं कामावर खाडा केला. आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. पाय आडवा ठेवता यावा म्हणून नवऱ्यानं मागचं लांब बाक धरलं आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा पाय दोन्ही हातांनी वर उचलून धरला.

थांब्यापासून घरापर्यंत नवऱ्यानं त्याला पाठीवर घेतलं. अंगणात माणसं जमली होती. शेजारचा तो मानलेला भाऊ पाटावर, त्याच्या मांडीवर बाळ, बाजूला न्हावी, समोर सोनार सोन्याची तार सरळ करत बसलेला. आम्हाला बघून आधी, आमच्या अगोदर पोचलेल्या काटोलच्या बाईनं पदर पुढे ओढला.

"थांबा," मुलगा पाठीवरूनच म्हणाला. "बाळाचा मामा मी होय."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. बहीण उभी राहिली. तिनं सासूकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. "माहा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "सख्खा."

सासू उंच, हाडापेरानं मोठी बाई होती. ती काय म्हणते याची अंगणातला प्रत्येक जण वाट बघत होता. ती पुढे आली, पायाला बांधलेली फळी बघितली आणि म्हणाली, "बाळाच्या मामाले असं अधांतरी काहून ठेवलं? पाट द्या त्याले." तो बसल्यावर तिनं विचारलं, "लग्नात काहून नाही दिसला गा तू?"

त्यानं आईकडे बघितलं. "माही परीक्षा होती."

"वैशाखात?"

कुणीतरी फसकन हसलं. मग त्याला खरं सांगावंच लागलं, आणि ते त्यानं फार नीट सांगितलं. आपल्या गेलेल्या मामाचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, बाळाला कदाचित नसेल पण आधी रक्त तपासा म्हणाला. तार गुंडाळून सोनार कधी उठून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी सासू विहिणीकडे वळली.

"आम्हाले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर केली असती का माही पोरगी?"

सासूनं विचार केला. सगळ्यांसमोर उभी राहून खरंच विचार केला. "नसती केली," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू? पण आता सून आमची होय." आणि तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी आयुष्यात मोठमोठ्या गोष्टी बोलणारी खूप माणसं बघितली. त्या बाईइतकं सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

बाळाचं रक्त तपासलं, नमुना मुंबईलाही पाठवला. बाळाला आजार नव्हता. हे कळल्यावर मामा म्हणाला, "मंग मी उगाच बोंबललो म्हणा ना." उन्हाळ्यात त्याच्याच मांडीवर बाळाचं जावळ निघालं आणि कान टोचले. तार कानातून जाताना त्यानं स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले होते. गुडघा मात्र त्या प्रवासानंतर पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि त्याच्या आईनं कुणाला बोलू दिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीला तो आमच्याकडे आला नाही. आम्हीच काटोलला गेलो. बहिणीनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. नवऱ्यानं दिलेलं कापड त्यानं इतके दिवस तसंच ठेवलं होतं आणि त्या दिवसासाठी शिवून घेतलं होतं. "हे तुमच्याकडून वसूल करायचं होतं," तो जावयाला म्हणाला. जावई चांगला होता. त्यानं डोकं पुढे केलं. "घे, आता पिळून घे." सगळे हसायला लागले. मुलानं हात पुढे केला, मग मागे घेतला.

"नाही भाऊजी. ते मांडवातच असते."

तो लाजला असं आम्हाला वाटलं. जावयानं मग आग्रह केला नाही.

पुढच्या श्रावणात बहीण राखीला माहेरी येणार होती. आदल्या दिवशी तो बागेत गेला होता, पावसानं माती निसरडी झालेली, वाकडा पाय सरकला आणि कपाळ दगडावर आपटलं. बाहेर एक टेंगूळ तेवढं आलं. डोक्याला मार म्हणजे वाट न बघता नागपूर, हे त्याला आम्ही पाठ करून घेतलं होतं. नुसतं पाठ नव्हतं, अलीकडे बैठकीत नवीन आलेल्या मुलांकडून तोच ते पाठ करून घ्यायचा. घरी येऊन त्यानं टोपी कपाळावर ओढली आणि कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बहीण आली, राखी बांधली, जेवणं झाली. संध्याकाळी तो डोकं धरून बसला. तिनं टोपी काढून बघितलं.

"कधी पडला?"

"काल."

"काल काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर नागपूरले धाडलं असतं," तो म्हणाला. "तू आली का मले नागपूरले धाडतात."

जीप करून आणलं. नवऱ्याच्या पाळीतली माणसं बाही वर करून बाहेर बसली होती. त्यांच्यातल्या एकाचंच रक्त लागलं. बाकीचे तसेच बसून राहिले, आणि त्यांना घरी जा म्हणून सांगायला आमच्यातलं कुणी उठलं नाही. तो गेला तेव्हा राखी त्याच्या हातावर तशीच होती.

नागपूर म्हणजे आमचं घर. त्याला दुसरं नागपूर माहीतच नव्हतं. मला वाटायचं, त्याला आमच्याकडे आवडतं. आवडतही असेल. शेव त्याला आवडायची, नवऱ्याचा कान पिळायला आवडायचं. पण ज्या घरात आम्ही त्याच्यासाठी अंथरूण घालून ठेवायचो, ते घर त्याच्या लेखी बहीण येणार म्हटलं की हाकलून देण्याची जागा होती, आणि इतक्या वर्षांत त्यानं हे आम्हाला एकदाही जाणवू दिलं नाही. जाणवू दिलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागावला असता.

आजोळ त्यानंतर बंद पडलं. तसा ठराव कुणी केला नाही. एक बाई पुढच्या महिन्यात मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत म्हणाली, आणि कुणीच मुलाला माझ्याकडे धाड म्हणालं नाही. मग तीच म्हणाली, "राहू द्या. बसन तो पाहुण्यांसमोर."

त्या वर्षीची भाऊबीज होऊन गेल्यावर बहीण बाळाला घेऊन आमच्याकडे आली. बाळ आता दुडुदुडु धावायला लागलं होतं, नवऱ्याच्या मांडीवर चढून त्याच्या चष्म्याशी झोंबत होतं. ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली. यंदा पुन्हा चंद्राला ओवाळलं, म्हणाली. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

"मावशी, आधी दोन खेपा मी खोटं ओवाळलं. भाऊ जिता असून चंद्राले ओवाळलं. त्याचंच झालं हे."

माझं डोकं फिरलं. आम्ही असल्या गोष्टी मागे टाकून आलेली माणसं. "काय बोलून राहिली वं?" मी म्हटलं. "डोक्याले मार लागला, आत रक्त सुटलं. आजार होय तो. चंद्राचा काय संबंध? शिकलेली ना तू?"

"मले समजते ते. डॉक्टरीणबाईनं सांगतलं मले." ती शांत होती. "पण मी म्हटलं तर होतं ना मावशी, मले भाऊ नाही म्हणून."

तिनं ते म्हटलं होतं. तिच्या आईनं म्हटलं होतं, शेजाऱ्यांनी म्हटलं होतं, आणि दर खेपेला त्याला आत घेऊन दार लावताना आम्हीही तेच म्हटलं होतं.